परदेशातलं मूल दत्तक घेताना

परदेशातून मूल दत्तक घ्यायचं ठरलं की पहिल्याच आठवड्यात माणसं मुलांचे फोटो शोधायला लागतात. सुरुवात चुकते ती इथे. या प्रक्रियेत मूल बऱ्याच उशिरा येतं. आधी तुमची पात्रता ठरते. तिकडे मुलाच्या देशात त्याला आईवडिलांकडे किंवा नातेवाइकांकडे परत देता येईल का, देशातल्या देशात घर मिळेल का, हे पाहून होतं. दोन्ही बाजूंच्या फाइली पुऱ्या झाल्या की तिकडचं सरकारी प्राधिकरण त्या मुलासाठी तुमचं नाव सुचवतं. हा क्रम जिथे जिथे उलटतो तिथे पुढे व्हिसा अडकतो, कोर्टाचा हुकूम टिकत नाही किंवा, सगळ्यात वाईट म्हणजे, ज्याची आई जिवंत आहे आणि त्याची वाट बघते आहे असं मूल तुमच्या घरी येतं.

या क्रमाला कायद्याचं रूप दिलं ते २९ मे १९९३ च्या हेग दत्तक कराराने. १ मे १९९५ पासून तो अमलात आहे आणि आज शंभराहून जास्त देश त्यात आहेत. सगळा करार वाचत बसायची गरज नाही, पण मोजकी कलमं तोंडपाठ असावीत, कारण पुढे कचेऱ्यांमध्ये त्या आकड्यांनीच बोललं जातं. कलम ४ मुलाच्या देशासाठी आहे: मूल कायदेशीररीत्या दत्तकमुक्त आहे, देशातल्या देशात घर मिळण्याची शक्यता तपासली आहे, संमती मोबदला न देता मिळाली आहे आणि आईची संमती बाळ जन्मल्यानंतरचीच आहे. कलम ५ पालकांच्या देशासाठी: पालक पात्र आहेत आणि मुलाला इथे येऊन कायम राहायची परवानगी मिळेल. कलम १५ म्हणजे तुमच्याबद्दलचा अहवाल, १६ म्हणजे मुलाबद्दलचा. कलम १७ खाली दोन्ही देशांनी ‘पुढे जायला हरकत नाही’ असं कळवल्याशिवाय मूल तुमच्या ताब्यात देता येत नाही. आणि कलम २९: नात्यातलं दत्तक सोडलं तर, हे टप्पे होईपर्यंत तुम्ही मुलाच्या आईवडिलांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी संपर्कच करायचा नाही. ‘सुट्टीत त्या अनाथालयात गेलो होतो, तिथली एक मुलगी आवडली’ अशी सुरुवात असलेली प्रकरणं या कलमावर आपटतात.

‘अनाथ’ या शब्दावर फार विसंबू नये. युनिसेफच्या व्याख्येत आईवडिलांपैकी एक जण गेला तरी मूल अनाथ धरलं जातं, आणि जगभरातल्या बालगृहांमधल्या कितीतरी मुलांचे एक किंवा दोन्ही पालक हयात असतात. गरिबी, आजारपण, शाळेची सोय नसणं या कारणांनीही मुलं तिथे ठेवली जातात. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, त्यानंतर ३३ मुलांना सीमेपलीकडे नेताना अमेरिकन मंडळींचा एक गट पकडला गेला. त्यातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील जिवंत होते. युद्ध किंवा नैसर्गिक आपत्तीनंतरच्या काळात कोणी ‘मुलं लगेच मिळतील’ म्हणत असेल तर तिथून उठून यावं. त्या काळात पहिलं काम घरच्यांचा शोध घेण्याचं असतं.

देश निवडताना तीन कायदे एकदम बघावे लागतात: मुलाच्या देशाचा दत्तक कायदा, तुमच्या देशाचा दत्तक कायदा आणि तुमच्या देशाचा इमिग्रेशनचा कायदा. पहिले दोन सगळे बघतात, तिसरा राहून जातो. पालकांच्या अटी देशागणिक बदलतात. उदाहरण म्हणून भारताचे २०२२ चे नियम घ्या. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त चालत नाही, दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. मूल आणि पालक यांच्या वयात निदान २५ वर्षांचं अंतर लागतं. एकटा पुरुष मुलगी दत्तक घेऊ शकत नाही. लग्न होऊन दोन वर्षं झालेली असावी लागतात. दुसऱ्या देशात यातली एकही अट नसेल आणि वजन, जुना आजार, आधीचा घटस्फोट अशा वेगळ्याच अटी असतील. म्हणून ‘आपण पात्र आहोत का’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. देशाचं नाव घेतल्याशिवाय हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

दरवाजे बंदही होतात, आणि अचानक होतात. खासगी वकिलांच्या हातात गेलेला ग्वातेमालाचा कारभार गैरव्यवहारांमुळे २००८ च्या सुमाराला थांबला. रशियाने डिसेंबर २०१२ च्या कायद्याने अमेरिकन पालकांना मनाई केली. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तकच बंद केलं. चीनने २०२४ मध्ये जवळचे नातेवाईक आणि सावत्र मुलं सोडून बाकी सगळं थांबवलं. कोविडच्या साथीच्या आधीच ज्यांना मूल नेमून दिलेलं होतं अशी शेकडो कुटुंबं तेव्हा वाट बघत होती, त्यांच्या फाइली तिथेच राहिल्या. मुलं घेणाऱ्या देशांकडूनही हेच होतंय. नेदरलँड्सने फेब्रुवारी २०२१ मध्ये जुन्या प्रकरणांच्या चौकशीनंतर काम थांबवलं, डेन्मार्कमध्ये २०२४ च्या सुरुवातीला उरलेल्या एकमेव दत्तक संस्थेने गाशा गुंडाळला. तेव्हा देश निवडताना ‘आज चालू आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिथून खरोखर किती मुलं बाहेर गेली, कोणत्या वयाची, आणि सध्या किती फाइली रांगेत आहेत, हे तुमच्या देशाच्या मध्यवर्ती प्राधिकरणाकडून (दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून) काढावं. आकडे घटत असतील तर तुमचा नंबर येईपर्यंत दार लागलेलं असण्याची शक्यता धरून चालावं.

कायद्याने जे होतं ते दत्तकच आहे का, हेही पाहायला हवं. इस्लामी कायद्यावर चालणाऱ्या अनेक देशांत दत्तक नाही, कफाला किंवा पालकत्व आहे. त्यात मुलाचं मूळ नातं आणि वंश तसाच राहतो, आणि हेग दत्तक करार त्याला लागू होत नाही. काही देशांत ‘साधं दत्तक’ असतं, त्यातही जन्मदात्यांशी कायदेशीर नातं पूर्ण तुटत नाही. तुमच्या देशाला पूर्ण दत्तक हवं असेल तर कलम २७ खाली ते बदलून घेता येतं, पण त्यासाठी जन्मदात्यांनी तशी संमती दिलेली असावी लागते. ती मूळ फाइलमध्ये नसेल तर नंतर मिळवणं जवळपास अशक्य.

मग संस्था, म्हणजे तुमचं दत्तकाचं काम बघणारी एजन्सी. अधिकृत मान्यता आहे एवढ्याने भागत नाही. मान्यता कोणत्या देशासाठी आहे आणि तिकडच्या सरकारनेही तिला परवानगी दिली आहे का, दोन्ही कागद बघायला मागावेत. पैशांबद्दल कलम ३२ स्पष्ट आहे: प्रत्यक्ष खर्च आणि वाजवी व्यावसायिक शुल्क, याव्यतिरिक्त काही घेता येत नाही. म्हणून खर्चाचा तक्ता लेखी आणि बाबवार मागायचा: होम स्टडी (सोशल वर्करने केलेली तुमची आणि घराची पाहणी), भाषांतर, तिकडच्या वकिलाचं शुल्क, मुलाच्या सांभाळाचा खर्च, मूल घरी आल्यानंतरचे पाठपुराव्याचे अहवाल. ‘बालगृहाला देणगी’ अशी ठोक रक्कम, तीही तिकडे गेल्यावर रोख द्यायची, असं कोणी म्हटलं तर पावती कोणाच्या नावाने मिळणार ते विचारावं. बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपतं. तिकडच्या प्रतिनिधीला पगार मिळतो की ‘दर मुलामागे’ पैसे, हा प्रश्न आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा, कारण दर मुलामागे पैसे मिळणारा माणूस मुलं शोधायला बाहेर पडतो. देश बंद झाला, मूल नाकारलं किंवा दत्तक मोडलं तर किती पैसे परत मिळतील आणि मुलाचं काय होईल, हे करारात असावं. पात्रता ठरायच्या आधी फोटो पाठवून ‘हे बाळ तुमच्यासाठी राखून ठेवतो’ म्हणणाऱ्या संस्थेकडे परत जाऊ नये.

होम स्टडीची लोकांना उगाच धास्ती असते. सोशल वर्कर घरी येते तेव्हा पडदे धुतलेले आहेत का हे बघायला येत नाही. पाणी-वीज आहे का, औषधं कुलपात आहेत का, मूल कुठे झोपणार, इतकं बघून बाकी सगळा वेळ बोलण्यात जातो: तुमचं बालपण, लग्न, मूल न होण्याचं दुःख पचलं आहे का, पैसा, दारू, जुने आजार, घरातल्या इतर मुलांचं आणि आजीआजोबांचं मत, वेगळ्या रंगाचं मूल घरात आल्यावर शेजारपाजार काय म्हणेल आणि तुम्ही त्यावर काय म्हणाल. दोघांशी एकत्र आणि वेगवेगळं बोललं जातं. जुनी अटक, नैराश्याचं औषध, आधीचं लग्न या गोष्टी लपवू नयेत. त्या असल्याने क्वचितच नकार मिळतो, पण पोलिसांच्या दाखल्यातून किंवा वैद्यकीय अहवालातून नंतर बाहेर आल्या तर हमखास मिळतो. अहवालाच्या शेवटची शिफारस मात्र बारकाईने वाचा. मुलाचं वय, संख्या, मुलगा की मुलगी, कोणत्या शारीरिक अडचणी चालतील, हे तिथे लिहिलेलं असतं आणि तेच पुढे सरकारी मंजुरीत उतरतं. ‘शून्य ते दोन वर्षं’ लिहिलं असताना अडीच वर्षांच्या मुलाचा प्रस्ताव आला तर अहवाल दुरुस्त करून मंजुरी नव्याने घ्यावी लागते. म्हणून वयाचा पट्टा थोडा रुंद ठेवावा, पण खरोखर पेलेल इतकाच. घरातल्या मोठ्या मुलापेक्षा मोठं मूल आणणं किंवा एकाच वयाची दोन परकी मुलं एकदम आणणं याला अनुभवी सोशल वर्कर बहुधा विरोध करतात. तिचं ऐकावं.

आता डॉसियर, म्हणजे तिकडे पाठवायचा गठ्ठा. जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्र, आधीच्या घटस्फोटाचा हुकूम, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्रं, नोकरीचं आणि पगाराचं पत्र, कर भरल्याचे कागद, बँकेचा दाखला, घराचे कागद, ओळखीच्यांची शिफारसपत्रं, पासपोर्टच्या प्रती, घराचे आणि कुटुंबाचे फोटो, होम स्टडी, संस्थेचा परवाना, सरकारी मंजुरी, तिकडच्या वकिलाला मुखत्यारपत्र. यातला एकेक कागद सोपा आहे. त्रास देतात त्या तारखा. पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय अहवाल सर्वसाधारणपणे सहा महिने ते एक वर्ष चालतात. अमेरिकेत होम स्टडी अर्जाबरोबर देताना सहा महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही, आणि हेग प्रकरणातली मंजुरी पंधरा महिन्यांची असते. म्हणजे गठ्ठा पुरा होईपर्यंत पहिला कागद शिळा झालेला असतो. उपाय एकच. ज्यांना मुदत नसते ते कागद आधी काढायचे (जन्मदाखले, विवाह, घटस्फोट), मग होम स्टडी, आणि पोलीस व वैद्यकीय दाखले सगळ्यात शेवटी, एकाच पंधरवड्यात. प्रत्येक कागदाच्या बाहेर पेन्सिलने संपण्याची तारीख लिहून ठेवावी. प्रतीक्षा लांबली तर कोणता कागद परत काढायचा ते तेवढ्यावरून कळतं.

नावांचा घोळ दुसऱ्या क्रमांकावर. पासपोर्टवर मधलं नाव पूर्ण, विवाह प्रमाणपत्रावर आद्याक्षर, नोकरीच्या पत्रावर नाहीच: तिकडच्या न्यायाधीशाला ही तीन माणसं वाटतात. सगळीकडे पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं यायला हवं. जुना कागद बदलता येत नसेल तर ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र जोडावं. पासपोर्टची मुदत निदान दोन-तीन वर्षांची असू द्यावी. मध्येच नवा पासपोर्ट निघाला की नंबर बदलतो आणि मुखत्यारपत्रापासून सगळीकडे जुना नंबर असतो.

दोन्ही देश १९६१ च्या अपोस्टिल करारात असतील तर कागदावर अपोस्टिल (सही-शिक्का खरा असल्याचा सरकारी दाखला) लागतं आणि काम एका शिक्क्यात होतं. नसतील तर नोटरी, मग राज्याचं खातं, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची वकिलात, अशी साखळी. नोटरीची नेमणूक संपलेली असणं, शिक्का सहीवर पडून अक्षरं न दिसणं, कागद एका राज्यातला आणि अपोस्टिल दुसऱ्या राज्याचं, या कारणांनी गठ्ठे परत येतात. अपोस्टिलचा कागद मूळ कागदाला टाचलेला असतो. ती टाचणी झेरॉक्स काढायला काढली की अपोस्टिल रद्द समजतात, कारण आतली पानं बदलली नाहीत याचा पुरावा तीच असते. दुकानदाराच्या हातात गठ्ठा देऊन बाहेर उभं राहू नये. प्रत काढायची ती टाचलेल्या स्थितीतच, कोपरा दुमडून. भाषांतर शक्यतो तिकडच्या शपथपूर्वक नोंद झालेल्या भाषांतरकाराकडून करावं, आणि अपोस्टिलचंही भाषांतर लागतं का ते आधी विचारावं. नावांचं लिप्यंतर तुम्ही स्वतः तपासा. तिकडच्या लिपीत तुमचं आडनाव पहिल्या कागदात जसं लिहिलं गेलं तसंच मुलाच्या नव्या जन्मदाखल्यावर येतं.

गठ्ठा गेला की वाट बघणं. हा काळ वर्षांत मोजायचा असतो. निरोगी तान्ह्या बाळासाठी नाव घातलं असेल तर फार मोठा, कारण तशी बाळं बहुतेक देशांत देशातच दत्तक जातात. बाहेर येतात ती थोडी मोठी, भावंडांसह असलेली किंवा काही वैद्यकीय अडचण असलेली मुलं. हे सुरुवातीलाच मान्य नसेल तर आंतरदेशीय वाट धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. हा काळ वाया घालवू नका: तिकडच्या भाषेतले ‘भूक’, ‘शू’, ‘दुखतंय’, ‘मी इथेच आहे’ हे शब्द शिका.

प्रस्ताव येतो तेव्हा हातात दोन अहवाल असतात, एक मुलाच्या पार्श्वभूमीचा आणि दुसरा वैद्यकीय, सोबत फोटो, कधी व्हिडिओ. उत्तर द्यायला ठरावीक मुदत असते आणि ती फार नसते. म्हणून आंतरदेशीय दत्तकाच्या फाइली वाचायची सवय असलेला बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवावा. तो सगळ्यात आधी बघतो डोक्याचा घेर. वजन उपासमारीने घटतं आणि चांगलं खाल्लं की भरून येतं. उंचीही मागे पडते. बालगृहात काढलेल्या दर तीन महिन्यांमागे वाढ साधारण एक महिना मागे, असा ढोबळ हिशोब आहे. पण डोक्याचा घेर मेंदूची वाढ सांगतो. एका तारखेचं एक माप निरुपयोगी आहे. निदान तीन-चार तारखांची मापं मागा आणि ती वाढीच्या तक्त्यावर मांडा. रेघ खालच्या बाजूला का होईना, तक्त्याला समांतर चालली असेल तर एक गोष्ट, आणि ती हळूहळू खाली खाली घसरत असेल तर पूर्ण वेगळी गोष्ट. दोन मापांत घेर कमी झालेला दिसला तर घाबरण्याआधी फेरमोजणी मागा. टेप कानांवरून नेली किंवा जाड केसांवरून, एवढ्यानेही सेंटिमीटरभराचा फरक पडतो.

फोटो मागताना नीट सांगा: समोरून, डोळ्यांच्या पातळीवर, न हसता. आईने गरोदरपणात दारू घेतली असेल तर त्याच्या खुणा वरच्या ओठात, नाक आणि ओठ यांच्यामधल्या पन्हळीत आणि डोळ्यांच्या फटीच्या लांबीत दिसतात. मूल हसलं की पन्हळ सपाट होते आणि ओठ पातळ दिसतो, त्यामुळे हसऱ्या फोटोवरून काहीच ठरवता येत नाही. पूर्व युरोपातल्या जुन्या पद्धतीच्या कागदांत ‘प्रसूतिकालीन मेंदूविकार’ असं काहीतरी जवळपास प्रत्येक बाळाच्या नावापुढे असे. ते वाचून हादरू नये, आणि दुर्लक्षही करू नये. मूल काय करतं ते विचारा. बसतं का, कधीपासून, हाक मारल्यावर वळून बघतं का, बोट दाखवतं का, अनोळखी माणूस आला की कोणाकडे धावतं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं. सांभाळणाऱ्या एखाद्या ताईला बिलगणारं मूल नवीन घरात नातं जोडायला शिकलेलं असतं. येणाऱ्या प्रत्येकाच्या मांडीवर चढणारं मूल गोड वाटतं, पण काम तिथे जास्त असतं.

वय हा सुटा आकडा नाही. बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात बालगृहांमधली १३६ मुलं होती. त्यातली काही सांभाळ करणाऱ्या (फॉस्टर) कुटुंबांत गेली, काही बालगृहातच राहिली. वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्या मुलांची प्रगती उशिरा गेलेल्यांपेक्षा सरस राहिली. चार वर्षांचं पण तीन वर्षं आजीपाशी वाढलेलं मूल आणि दीड वर्षाचं पण जन्मापासून बालगृहात असलेलं मूल यांत मोठं मूल ‘अवघड’ असेलच असं नाही. नाही म्हणायचं असेल तर या टप्प्यावर म्हणावं. कागदावर नकार दिला तर मूल दुसऱ्या घराकडे जातं. भेटल्यानंतरचा नकार मुलाला कळतो.

होकार दिल्यावर तिकीट काढायची घाई असते. थांबा. दोन्ही प्राधिकरणांची पत्रं आणि तुमच्या देशाचा, मुलाला प्रवेश मिळेल असा प्राथमिक निर्णय हातात आल्याशिवाय तिकडच्या कोर्टात दत्तकाचा हुकूम घेऊ नये. हुकूम आधी आणि मंजुरी मागून असं झालं तर मूल कायद्याने तुमचं असतं, पण तुमच्या देशात येऊ शकत नाही. मग पालकांपैकी एकाने नोकरी सोडून तिकडे राहायचं, एवढीच वाट उरते.

प्रवासाचे नियमही देशाप्रमाणे. बल्गेरियात दोन फेऱ्या होतात आणि पहिल्या फेरीत मुलाबरोबर निदान पाच दिवस घालवावे लागतात. कोलंबियात मुक्काम एकच, पण काही आठवड्यांचा. परतीचं तिकीट बदलता येणारं घ्या. ताबा मिळतो त्या दिवशी सांभाळणाऱ्या ताईंना विचारायच्या गोष्टी लिहून न्या, कारण तेव्हा काही सुचत नाही: कुशीवर झोपतं की पालथं, दिवा चालू असतो का, दूध किती गरम, बाटलीच्या बुचाचं भोक केवढं, कोणत्या नावाने हाक मारता, घाबरलं की कशाने शांत होतं. अंगावरचे कपडे आणि पांघरूण मागून घ्या, आणि धुऊ नका. पहिले काही आठवडे तेच दूध, त्याच वेळा, तोच वास. तिकडच्या दुधाचे डबे बरोबर आणून नवीन दूध त्यात थोडं थोडं मिसळत न्यावं.

तिथून निघण्यापूर्वी कागद एकदा मोठ्याने वाचून काढा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने पासपोर्ट धरून बघायचं. कोर्टाचा अंतिम हुकूम (अपिलाची मुदत संपल्याच्या शेऱ्यासह), नवा जन्मदाखला, मूळ जन्मदाखला, मुलाचा पासपोर्ट, आणि कलम २३ चं प्रमाणपत्र. हे शेवटचं असेल तर करारातल्या सगळ्या देशांत दत्तक आपोआप मान्य होतं. त्यावर कलम १७ खालचे होकार कोणी आणि कोणत्या तारखेला दिले ते असतं, ती तारीख हुकुमाच्या आधीची आहे ना ते बघा. प्रत्येक कागदाच्या शक्य तितक्या प्रमाणित प्रती तिथेच काढाव्यात. एक चुकलेलं अक्षर तिथे दुपारभरात दुरुस्त होतं, घरी आल्यावर त्याला वर्ष लागतं.

जन्मतारीख अंदाजाने लावलेली असू शकते. ती बदलायची घाई करू नये. मनगटाच्या एक्सरेवरून काढलेलं हाडांचं वय कुपोषित मुलात कमी येतं. निदान वर्षभर खाऊपिऊ द्यावं, वाढ भरून निघू द्यावी, मग दात, हाडं, शाळेतली समज असं सगळं मिळून ठरवावं.

घरी आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत सविस्तर तपासणी हवी, तिकडचे अहवाल कितीही चांगले असले तरी. रक्तगणना, लोह, शिसं, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, यकृतदाह ब आणि क, एचआयव्ही, सिफिलिस, क्षयरोग, आणि शौचाचे तीन नमुने वेगवेगळ्या दिवशी, कारण जंतांची अंडी रोज पडत नाहीत. अठरा महिन्यांखालच्या बाळाची एचआयव्हीची साधी चाचणी आईच्या प्रतिपिंडांमुळेही पॉझिटिव्ह येते, तिथे विषाणू थेट शोधणारी पीसीआर चाचणी लागते. बीसीजी दिलेल्या मुलाची त्वचेवरची क्षयरोग चाचणी फसवी ठरू शकते, रक्ताची चाचणी त्यापेक्षा बरी. काही संसर्ग पहिल्या चाचणीत दिसत नाहीत म्हणून सहा महिन्यांनी फेरतपासणी करतात. ती हटकून विसरली जाते. लसींच्या नोंदींवर शंका असेल तर प्रतिपिंडं मोजा किंवा लस परत द्या. जादा डोसाने सहसा बिघडत नाही. कान आणि डोळे तपासल्याशिवाय ‘भाषा येत नाही’ असं निदान कोणाला करू देऊ नका. मुलींमध्ये पाळी लवकर येण्याचं प्रमाण जास्त दिसतं, तेव्हा सातव्या-आठव्या वर्षापासून लक्ष ठेवावं.

पहिले काही महिने घरात माणसं कमी. भरवणं, आंघोळ, झोपवणं, पडल्यावर उचलणं हे फक्त दोन पालकांनी करायचं. आजीला हे फार लागतं, तिला आधीच समजावून ठेवा. मूल उशीखाली भाकरीचे तुकडे लपवेल, ताट रिकामं होईपर्यंत खात राहील. रागावू नये, कुलूप तर मुळीच लावू नये. मुलाच्या हाताला लागेल असा खाण्याचा डबा कायम भरलेला ठेवला की लपवणं हळूहळू सुटतं. मूल पहिले काही आठवडे कमालीचं शहाण्यासारखं वागलं तर हुरळून जाऊ नका. ते अजून पाहुणं आहे. आदळआपट सुरू झाली की घर आपलं वाटायला लागलं, असं समजायला हरकत नाही. पहिली भाषा काही महिन्यांतच विरते आणि नवी अजून आलेली नसते. मधल्या काळात मुलाजवळ कुठलीच धड भाषा नसते, तेव्हा शाळेत घालायची घाई करू नये. आईवडिलांचं नैराश्यही खरं असतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मूल आलं आणि माया वाटत नाही, हे कोणाजवळ बोलवत नाही. सोशल वर्करजवळ बोला, तिने ते पुष्कळ वेळा ऐकलेलं असतं.

पाठपुराव्याचे अहवाल वेळेवर पाठवा. भारतातून गेलेल्या मुलांसाठी ते दोन वर्षं लागतात, पहिल्या वर्षी दर तिमाहीला आणि दुसऱ्या वर्षी सहामाहीला, म्हणजे एकूण सहा. अहवाल थकले की मूळ देश त्या संस्थेच्या, कधी त्या सगळ्या देशाच्या, पुढच्या फाइली अडवतो. भोगतात ती रांगेतली मुलं.

आणि नागरिकत्व. दत्तक झालं म्हणजे नागरिकत्व मिळालं, असं सगळीकडे नसतं. अमेरिकेत २००० च्या कायद्याने, २७ फेब्रुवारी २००१ पासून, अठरा वर्षांखालच्या दत्तक मुलांना ते अटी पूर्ण झाल्यावर आपोआप मिळायला लागलं. पण त्या दिवशी ज्यांची अठरा पुरी झाली होती आणि ज्यांच्या पालकांनी अर्जच केला नव्हता अशी माणसं कायद्याने परदेशीच राहिली. काहींना भाषाही येत नसलेल्या जन्मदेशात परत पाठवलं गेलं. तिथे आजही व्हिसाच्या प्रकारावर फरक पडतो: दत्तक परदेशातच पूर्ण झालं असेल आणि आयआर-३ किंवा आयएच-३ व्हिसावर मूल आलं असेल तर नागरिकत्वाचा दाखला घरपोच येतो, आयआर-४ किंवा आयएच-४ असेल तर आधी अमेरिकेतल्या कोर्टात दत्तक पूर्ण करावं लागतं आणि मग अर्ज. तुमच्या देशात काय नियम आहे ते मूल येण्याआधी लेखी विचारून ठेवा. मुलाच्या नावाचा दाखला हातात पडेपर्यंत फाइल माळ्यावर टाकू नका, आणि तो आला की जन्मदेशाच्या नागरिकत्वाचं काय होतं, ते टिकवायला नोंदणी लागते का, हे विचारून लागेल तो अर्ज त्याच आठवड्यात करा.